पत्र्यावरचे दगड

ठाण्याजवळच्या विटाव्यातल्या आमच्या घराच्या पत्र्यावर सात दगड, दोन विटा आणि स्कूटरचं एक जुनं टायर होतं. लहानपणापासून मी ते बघत आले. मे महिना संपत आला की बाबा शिडी लावून वर चढायचे, ताडपत्री बदलायचे आणि दगड पुन्हा ज्याच्या त्याच्या जागी ठेवायचे. कोणता दगड कुठे, हे ठरलेलं असायचं. घर त्यांनी स्वतः उभं केलेलं. भिंतीही त्यांच्या हातच्या आणि पत्रेही. खाडी जवळ, त्यामुळे वारा कायमच असायचा. पण त्या दगडांनी चाळीस पावसाळे छप्पर धरून ठेवलं, असं बाबा सांगायचे आणि ते खरंही होतं.

2 जून 2020 च्या सकाळी मी ऐरोलीत माझ्या घरी होते. अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचं चक्रीवादळ होत होतं. नाव ठरलेलं होतं, निसर्ग. बांगलादेशाने सुचवलेलं. हरिहरेश्वर ते दमणच्या दरम्यान, अलिबागच्या आसपास, 3 जूनला किनाऱ्यावर येईल असा वेधशाळेचा अंदाज होता. हरिहरेश्वर ते दमण म्हणजे अडीचशे किलोमीटरहून मोठा पट्टा. मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं त्यातच. वारा ताशी 100 ते 110 किलोमीटर, झोत 120 पर्यंत.

मी उपग्रहाचं चित्र घरच्या ग्रुपवर टाकलं. पांढरा भोवरा आणि त्याच्या उजवीकडे आपला किनारा. आईने हात जोडल्याची खूण पाठवली. बाबांनी ते बघितलंच नाही. मग मी बातमीची लिंक टाकली, मग दुसरी, मग एका वाहिनीचा व्हिडिओ. चार गोष्टी पाठवल्या आणि मला वाटलं, आपण कळवलं. आज विचार करते तेव्हा त्या सकाळचा मला राग येतो. पुढे पाठवणं आणि सांगणं यातला फरक मला ठाऊक नव्हता असं नाही. सांगायला गेलं की भांडण होणार हेही ठाऊक होतं, म्हणून मी पाठवत बसले.

दुपारी फोन केला.

“बाबा, तुम्ही दोघं आज रात्री इकडे या.”

“कशाला? पत्र्यावर दगड आहेत.”

मी आकडे सांगितले, रेड अलर्ट आहे म्हटलं. ते म्हणाले, “सव्वीस जुलैला सांगितलं होतं का कुणी?”

या प्रश्नाला माझ्याकडे कधीच उत्तर नसायचं. 26 जुलै 2005 ला बाबा महापेला कामावर होते. दुपारनंतर बस बंद, रस्ते बंद. ते ठाणे-बेलापूर रस्त्याने कमरेइतक्या पाण्यातून चालत निघाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घरी आले. पायांची कातडी पांढरी पडली होती. आई रात्रभर दारात बसलेली. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम 73. एवढ्या छोट्या जागेत एवढा पाऊस कोसळेल हे कुणी आधी सांगितलं नाही. तेव्हा मुंबईत ढगांतला पाऊस-वारा दुरून टिपणारं डॉपलर रडारही नव्हतं. बाबांचा वेधशाळेवरचा विश्वास त्या रात्री पाण्यात गेला, आणि ज्या माणसाने ती रात्र चालून काढली त्याला मी घरात पंख्याखाली बसून ‘विश्वास ठेवा’ म्हणत होते.

मी ओरडले. तोंडात येऊ नये ते बोलले. त्यांनी फोन ठेवला.

तासभर मी नुसती धुमसत होते. मग कधीतरी लक्षात आलं की ते का येत नाहीत हे मी त्यांना विचारलंच नव्हतं. म्हणून आईला फोन केला आणि काही न सांगता नुसतं ऐकलं. आईने हळू आवाजात एकेक काढलं. सोसायटीत बाहेरच्यांना सोडत नाहीत, गेटवर कुणी अडवलं तर तुझ्या बाबांना ते सहन होणार नाही. त्या दिवसांत कोरोनाची भीती वाऱ्यापेक्षा मोठी होती, आणि आपल्यामुळे नातवंडांना काही झालं तर, हे दोघांच्याही मनात होतं. घर बंद दिसलं तर चोरी होईल. तीन दिवसांवर वटपौर्णिमा, वडाची फांदी कुठून आणायची तेच कळेना. आणि सगळ्यांत शेवटी, “ते म्हणतात, मी बांधलेलं घर मीच सोडून पळालो तर लोक काय म्हणतील.”

वटपौर्णिमा तीन दिवसांवर, म्हणजे उधाणाची भरती. खाडीकाठच्या घरासाठी ती बातमी वाऱ्याइतकीच वाईट होती. वादळ पाणी पुढे ढकलतं, आणि त्याच वेळी समुद्र आधीच फुगलेला असेल तर ते पाणी खाडीतून आत शिरतं. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करून आई-बाबांच्या येण्याची परवानगी घेतली आणि संध्याकाळी स्कूटर काढली. नाक्यावर पोलिसांनी अडवलं. आई-बाबांना न्यायला चाललेय म्हटलं, तर हवालदार म्हणाले, “लवकर न्या.”

बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. आभाळ भरलेलं, वारा मात्र पडलेला. “बघ, कुठंय वादळ?” ते म्हणाले.

या वेळी मी वाद घातला नाही. बाबा कंपनीत मेंटेनन्सला फिटर होते, त्यांचं निम्मं आयुष्य ब्लोअर आणि डक्टमध्ये गेलेलं. मी विचारलं, “ब्लोअरचे आरपीएम दुप्पट केले तर दाब किती होतो?”

“चौपट,” ते लगेच म्हणाले.

“मग आपल्याकडे पावसाळ्यात वारा ताशी पन्नासचा येतो. उद्या शंभरचा आला तर?”

ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि लाइटबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकडेमोड करू लागले. मी मोबाइलवर बघून सांगत होते, ते मांडत होते. वारा पत्रा दाबत नाही, वरून वाहताना तो उचलतो, हे त्यांना माझ्याआधी समजलं. ताशी पन्नासला चौरस मीटरमागे दहा-बारा किलोची उचल. शंभरला चाळीस-पन्नास किलोची. दहा फुटी एका पत्र्याला सव्वाशे-दीडशे किलो. सात दगडांचं वजन त्यांनी बाजूला लिहिलं. अंदाजाने पन्नास किलो, सगळ्या छपराला मिळून.

कागद बराच वेळ त्यांच्या हातात होता. मला वाटलं, झालं, पटलं. तर ते म्हणाले, “बरोबर आहे. पावसाळा झाला की हुक टाकून घेतो.”

हिशोब पटला होता आणि माणूस खुर्चीतून उठला नव्हता. मी तोपर्यंत समजत होते की माहिती नीट पोचली की माणूस हलतो. बाबांना माहिती तर पोचली होतीच, त्यांनी ती स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. पण स्वतःसाठी घाबरायचं त्यांना कधी जमलंच नाही. तापातही ते ड्युटीला जायचे.

तेवढ्यात शेजारच्या घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं. सव्वा महिन्याचं बाळ. त्यांचं घर आमच्याहून ठेंगणं, छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं. आमचा उतार त्यांच्या बाजूला. मी विचार करून बोलले असं म्हणणार नाही, तोंडातून आलं. “बाबा, आपला पत्रा उचलला तर हे दगड कुठे जातील?”

बाबांनी वर बघितलं. मग शेजारच्या पत्र्याकडे. आणि ते उठले.

पुढचे तीन तास मी त्यांना कंपनीत असतील तसं बघितलं. अंधार पडायच्या आत सातही दगड, विटा, टायर खाली आले. आतून प्रत्येक पत्रा वाशाला जाड तारेने आवळून बांधला. कडेचे पत्रे आधी, कारण उचल कडेपासून सुरू होते. गल्लीतल्या पोरांना त्यांनी कामाला लावलं. कुंड्या, बादल्या, दोरीवरचे कपडे, एका घरावरची सुटी डिश अँटेना, सगळं आत. गल्लीच्या तोंडाशी एकाचं स्लॅबचं घर होतं, तिथे बाळ-बाळंतिणीची सोय केली. स्वतः जाऊन बोलले आणि बाळाच्या आजीला म्हणाले, “वहिनी, माझे दगड होते, जबाबदारी माझी.” ज्या आजीने सबंध दिवस कुणाचं ऐकलं नव्हतं ती गोधडी घेऊन निघाली.

आईने आणि मी आतली आवराआवर केली. रेशनकार्ड, आधार, पासबुक, घराचे कागद, बाबांच्या बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, आईचा चष्मा, हे सगळं दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत गुंडाळून एका डब्यात. पिण्याचं पाणी भरून कळशा पोटमाळ्यावर, कारण वीज गेली की पाण्याची मोटारही जाते. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद. गल्लीत जी दोन-तीन कुटुंबं मागे राहणार होती त्यांना चणे-कुरमुरे आणि मेणबत्त्या. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा 1077 नंबर बाबांनी खडूने भिंतीवर लिहिला, मोबाइल बंद पडला तरी दिसावा म्हणून. आणि मी सगळ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, की वारा मध्येच एकदम थांबला तर बाहेर पडू नका. वादळाचा डोळा डोक्यावर आला की शांत होतं, आणि मग उलट्या दिशेने तेवढाच वारा येतो. एक काका म्हणाले, आमचे वडील ठाण्याच्या बंदरावर बावटा बघून हे सांगायचे. मला फार बरं वाटलं. माझ्या मोबाइलमधलं शहाणपण त्यांच्या घरात आधीच होतं.

रात्री अकराला आम्ही ऐरोलीला पोचलो. गेटवर रखवालदाराने बाबांना सलाम केला. मी त्याला तसं सांगून ठेवलं नव्हतं.

3 जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग दिवेआगर-श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. आमच्याकडे झाडं वाकली, खिडक्या वाजल्या, पाऊस आडवा आला. विटाव्यात गल्लीतला एकाचा पत्रा उडाला, जांभळाची मोठी फांदी पडली. आमचं छप्पर होतं तसं राहिलं. बाळ परत आपल्या घरी आलं. आणि दुसऱ्या दिवसापासून नाक्यावर सुरू झालं, उगाच पळापळ केली, काय झालं का काही?

मला या प्रश्नाची खरंच भीती वाटते. आपल्याकडे वादळ बाजूने गेलं की अंदाज चुकला असं धरतात. वादळाचा मार्ग आधीपासून एका रेघेवर सांगता येत नाही. येतो तो पट्टा, आणि वादळ जवळ येईल तसा तो अरुंद होत जातो. म्हणूनच वेधशाळा टप्प्याटप्प्याने बोलते. साधारण 72 तास आधी लक्ष ठेवा, 48 तास आधी सावध, 24 तास आधी धोक्याचा इशारा. पट्ट्यातल्या दहा गावांपैकी नऊ सुटतात. त्या नऊ गावांत ‘काही झालं नाही’ म्हणतात, आणि दहाव्यातल्या लोकांचे फोन लागत नाहीत.

बाबांचे एक जुने सहकारी निवृत्तीनंतर दिवेआगरला परत गेले होते. बाबा रोज त्यांना फोन लावायचे, रोज तीच ध्वनिफीत. श्रीवर्धन तालुक्यात कित्येक दिवस ना वीज होती ना मोबाइल. शेवटी फोन आला तेव्हा त्या काकांना बोलता येत नव्हतं. वडिलांनी लावलेली सुपारीची वाडी आडवी झाली होती. सुपारीला उत्पन्न द्यायला वर्षं लागतात. सत्तरीच्या माणसाने ती पुन्हा लावायची कुणासाठी? बाबा नुसते ‘हो, हो’ म्हणत राहिले.

त्या संध्याकाळी त्यांनी मला नकाशा दाखवायला सांगितला. आपल्या अर्ध्या पृथ्वीवर चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. ते ज्या दिशेने पुढे जातं तिच्या उजव्या अंगाला वारा आणि चालीचा वेग एक होतात, आणि तिथेच वारा समुद्राचं पाणी किनाऱ्यावर लोटतो. निसर्ग ईशान्येकडे सरकत आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली उजवीकडे पडली, आपण डावीकडे. बाबांनी बोट श्रीवर्धनवर ठेवलं आणि किनाऱ्याने वर सरकवत वसईच्या पुढे नेलं. “इथून घुसलं असतं तर ठाण्याची खाडी उजवीकडे आली असती,” ते म्हणाले. त्या बोटाला दीडशे किलोमीटर सरकावं लागलं. समुद्रातून आलेल्या वादळाला ते फार नाही.

पावसाळा संपायची वाट त्यांनी बघितली नाही. जुलैत उघडीप मिळाली तेव्हा हुक आणि बोल्ट आले, प्रत्येक पत्रा वाशाला पक्का झाला. शेजारच्यांचा आधी.

17 मे 2021 ला तौक्ते आलं. किनाऱ्याला न शिवता उत्तरेला गेलं आणि रात्री गुजरातेत दीव-उनाच्या बाजूला धडकलं, तरी जाताना कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदवला गेला. मुंबईसमोरच्या समुद्रात पी-305 हा बार्ज, म्हणजे कामगारांच्या मुक्कामाचं सपाट जहाज, बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. त्या वेळी मला विटाव्याला जायची गरज पडली नाही. आदल्या दिवशी आईचाच फोन आला, डबा भरलाय, पाणी भरलंय, तू मुलांना खिडकीजवळ बसू देऊ नकोस.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत फ्लोरिडात टँपाला असते. तिकडे याच वादळाला हरिकेन म्हणतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मिल्टन नावाचं हरिकेन मेक्सिकोच्या आखातात असं चढलं की त्यातला वारा ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर गेला. त्यांच्या जिल्ह्यात घरांना अक्षरांचे विभाग असतात. ‘अ’ विभाग पाण्याच्या सर्वांत जवळचा. बहिणीचं घर ‘ब’ मध्ये, आणि या वेळी दोन्ही विभागांना बाहेर पडायचा हुकूम होता. तिकडे शिकवतात, वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा. हुकूम पाण्यासाठी होता.

मेव्हणे निघायला तयार नव्हते. दोनच आठवड्यांपूर्वी हेलिन नावाचं हरिकेन येऊन गेलं होतं. ते घर सोडून गेले नव्हते आणि घराला काही झालं नव्हतं. खिडक्यांना प्लायवूड ठोकलंय, पाणी भरलंय, रस्त्यावर गाड्यांच्या रांगा आहेत, पेट्रोल मिळत नाही. त्यांचं एकही कारण खोटं नव्हतं. बहीण रडत होती. मी तिला तोंडपाठ असलेलं सगळं सांगितलं आणि सांगता सांगता मला ऐकू आलं, की मी पुन्हा आकडे सांगतेय.

नवरात्र होतं. आई घटापाशी होती, बाबा आमच्याकडेच होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

“जावईबापू, घर चांगलं आहे तुमचं, मी व्हिडिओत बघितलंय. तुम्ही राहाल. पण समोर ती एकटी म्हातारी राहते ना, दिवाळीला जिच्याकडे फराळ नेता?”

“हो.”

“तिला कोण नेणार?”

पलीकडे बराच वेळ काही नव्हतं. साडेनऊ तास मागे असलेल्या घरात टीव्ही चालू असल्याचा आवाज येत होता. मग मेव्हणे म्हणाले, “तिला गाडी चालवता येत नाही आता.”

“मग विचारून या. ती येते म्हणाली तर तुम्हाला निघावं लागेल.”

ती येते म्हणाली. तिची एक पिशवी आणि मांजर घेऊन ते 8 तारखेला उत्तरेकडे निघाले. आमच्याकडे 10 ऑक्टोबरची सकाळ उजाडत होती तेव्हा, म्हणजे तिकडे 9 च्या रात्री, मिल्टन टँपाच्या दक्षिणेला सिएस्टा कीवर आलं. टँपा डाव्या अंगाला पडलं. खाडीत पाणी चढायच्या ऐवजी ओसरलं, तळ उघडा पडला. मेव्हण्यांनी दोन दिवसांनी फोन करून हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात थोडी तक्रार होती. बाबा म्हणाले, “आमच्याकडेही एकदा असंच डावीकडे राहिलो. आजी कशा आहेत?”

टँपाच्या खाडीपलीकडच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये एका मोठ्या स्टेडियमचं छत फाटून गेलं होतं. पोलादी दोरांवर ताणलेलं कापडी छत, बहुतेक सगळंच. तो व्हिडिओ बाबांनी मला चार वेळा लावायला सांगितला. वरून घेतलेलं चित्र, दोर तसेच ताणलेले आणि मध्ये आभाळ. चष्मा कपाळावर ढकलून ते स्क्रीनजवळ गेले.

“दोर नाही तुटले,” ते म्हणाले. “कापड गेलं. बांधलेलं ठिकाण टिकलं बघ.”

मग त्यांनी पाना मागितला. परतीचा पाऊस दोन दिवस उघडला होता, आणि विटाव्याच्या घराच्या कडेच्या पत्र्याचे दोन वायसर त्यांना गणपतीपासून बदलायचे होते.